झाकणं आधी पोहोचली

मी याद्या करणारी बाई आहे. फ्रीजवर यादी, पर्समध्ये यादी, कारखान्यातल्या टेबलाच्या काचेखाली यादी. नवरा म्हणतो, हिला स्वप्नंही क्रमवारीने पडत असतील. त्याची इथल्या शाळेत सरकारी नोकरी, म्हणून आम्ही कोकणातून सिल्वासाला आलो. मुलं जरा मोठी झाल्यावर मी गावाबाहेरच्या सायलीतल्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळायला लागले. माल तयार होईपर्यंत दुसऱ्यांचा, तयार झाल्यापासून गाडीचं दार बंद होईपर्यंत माझा. दार बंद झालं की मी तो विसरते आणि पुढच्या कामाला लागते. एकच खेप अजून डोक्यातून गेलेली नाही.

आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्या बनतात. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर बेटांच्या एका छोट्या देशाची ऑर्डर आली. देशाचं नाव इथे लिहीत नाही. ऑफिसातल्या नकाशावर शोधायला गेलो तर सापडला नाही. जिथे असायला हवा होता तिथे नकाशा टांगायचा खिळा होता. तिथल्या विहिरी खारट झाल्या होत्या. समुद्र वर सरकतोय आणि जमिनीखालून विहिरीत शिरतोय. प्यायला पाणी एकच, छपरावरून धरलेलं पावसाचं. तिकडे पाऊस आपल्या आधी सुरू होतो. त्याच्या आत टाक्या पन्हळीखाली उभ्या राहिल्या तर लोकांचं वर्ष निघणार. नाही राहिल्या तर पाऊस समुद्रात, आणि कोरडे महिने बोटीने येणाऱ्या पाण्यावर. वेळेत पोहोचेल असं जहाज एकच होतं.

त्यांच्या अटी दोन होत्या. टाक्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यांसारख्या एकात एक बसवून पाठवायच्या, म्हणजे कंटेनर कमी लागतील आणि जहाजाचं इंधन कमी जळेल. आणि मालाबरोबर वापरून फेकायचं प्लॅस्टिक देशात येता कामा नये. फिल्म नाही, फोम नाही, थर्मोकोल नाही.

पहिली अट सोपी होती. टाक्या खाली निमुळत्या, झाकणं वेगळी. एकात एक बसलेल्या टाक्यांच्या चळतीला आम्ही थप्पी म्हणतो. पण दोन टाक्यांच्या मध्ये काहीतरी लागतंच. नाहीतर रस्त्याच्या धक्क्यांनी आणि उन्हाने त्या एकमेकींत अशा रुततात की चार माणसांनी ओढून निघत नाहीत. आम्ही मध्ये फोमची पट्टी घालतो आणि वरून फिल्म गुंडाळतो. ते बंद. पुठ्ठा घालून नमुन्याची थप्पी पाठवली, तर समुद्रावरच्या दमट हवेत त्याचा लगदा होऊन टाक्यांना चिकटला. तिकडून फोटो आले.

मग मला पेंढा सुचला. आमच्या गावी बियाण्याचं भात मुडीत ठेवायचे. पेंढ्याची जाड वेणी वळून गोल गोल गुंडाळलेली ती मुडी माडीवरून खाली टाकली तरी फुटायची नाही. पॅकिंगला खानवेलकडून सकाळच्या बसने बायका येतात. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या मावशीला मी विचारलं, पेंढ्याचा वेठ, म्हणजे दोरासारखी वेणी, वळता येतो का. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला चूल पेटवता येते का विचारलं होतं. दोन दिवसांत टेम्पोभर पेंढा आला. बायका शेडमध्ये ओळीने बसून पायाच्या अंगठ्यात टोक धरून वेण्या वळायला लागल्या. प्रत्येक टाकीला एक कडं. शेठ सहसा खर्च दिसला की कपाळाला हात लावतात, पण तेही उभे राहून बघत राहिले. मोबाइलवर फोटो काढून त्यांनी दोन-चार जणांना पाठवले. मी यादीत त्या कामापुढे बरोबरची खूण केली. थोडी ठळकच केली.

माल निघायच्या आदल्या दिवशी त्या देशाचे एक अधिकारी तपासणीला आले. माझ्याच वयाचे, सडपातळ, पायात चपला. हिंदी बोलत होते, सिनेमे बघून शिकलेली. त्यामुळे मी लगेच दीदी झाले आणि पॅकिंगचा सुपरवायझर भाईसाब. शेठना त्यांनी मालिक म्हटलं, ते शेठना आवडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रेलर बंदराकडे निघायचा होता. पाहुण्यांची सही आणि सील झाल्याशिवाय दार बंद करायचं नव्हतं.

त्यांनी आधी टाक्यांची जाडी मोजली, झाकणं बसवून पाहिली. सगळं ठीक. मग शेडच्या मागे थप्प्या उभ्या होत्या तिथे मी त्यांना घेऊन गेले, आणि पुढे होऊन एका थप्पीवरची टाकी जराशी उचलून त्यांना आतलं सोनेरी कडं दाखवलं.

त्यांनी हात घालून कडं बाहेर काढलं आणि तळहातावर झटकलं. दोन-तीन भाताचे दाणे पडले, एक बारीक किडाही पडला आणि चालायला लागला. तो बोटापर्यंत जाईस्तोवर ते त्याच्याकडे बघत होते.

"दीदी, हे जाणार नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. मी सांगायला लागले की यात प्लॅस्टिकचा धागासुद्धा नाही. त्यांनी मान हलवली. पेंढा, गवत, माती, बी यांतलं काहीही त्यांच्या बेटांवर उतरत नाही. तिथे माती इतकी पातळ की एक कीड आली तर नारळ आणि केळी संपतात, औषध मारावं तर ते थेट विहिरीत. अटींच्या कागदात वेगळ्या पानावर लिहिलं होतं. आम्ही प्लॅस्टिकचं पान पाठ केलं होतं. हे पान शेतमाल पाठवणाऱ्यांसाठी असतं असं समजून मी ते उलटून पुढे गेले होते.

मावशी शेजारीच उभी होती. हिंदी तिला पुरेशी कळत होती. "आमच्या भाताला काय रोग हाय का?" तिने मला विचारलं, पण त्यांच्याकडे बघत.

मी भाषांतर करायच्या आत 'रोग' या शब्दावरून ओळखून पाहुण्यांनी उत्तर दिलं. रोग नाही, पण आमच्याकडे भातच होत नाही, म्हणून त्याचे किडेही नाहीत. मावशीने यावर विचार केला. मग म्हणाली, भात नाही तर हे खातात काय? मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्याकडून येतो तो तांदूळ. बायका हसल्या. मला हसू आलं नाही. मी मनात थप्प्या मोजत होते.

शेठना बोलावलं. शेठ वापीला राहतात, पण अशा दिवशी ते कारखान्यातच असतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला, पाहुण्यांना खुर्ची दिली. मग आपल्या गुजराती वळणाच्या हिंदीत समजूत घालायला लागले. त्यांचं म्हणणं असं, की जहाज पकडू द्या, पेंढा तिकडे उतरल्यावर जेटीवरच जाळून टाका. पाहुणे म्हणाले, जाळण्यावरच आम्हाला बंदी आणायची आहे. कचरा आम्ही एका बेटावर नेऊन जाळतो, आणि वारा फिरला की तो धूर शेजारच्या शाळेत जातो.

"मग फिल्म तरी लावू द्या," शेठ माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले. "बेन, सांगा त्यांना, टाकी पण प्लास्टिकच ने? पोटात प्लास्टिक चालते, अंगावर नाय चालत?"

मी हे जरा मऊ करून सांगितलं. पाहुण्यांना मूळच कळलं असावं, कारण ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, मालिक बरोबर बोलतात. टाकी माझी मुलगी म्हातारी होईपर्यंत पाणी धरेल. फिल्म जेटीवर उतरली की कचरा. आमच्याकडे कचरा टाकायला मागची बाजू नसते, दोन्हीकडे समुद्रच.

शेठचा संयम तिथे संपला. ते उभे राहिले. "तुमचा सगळा देश मिळून या सायलीएवढा धूर करत नसेल. पाणी चढतंय ते आमच्यासारख्यांमुळे, मोठ्या देशांमुळे. तुम्ही कशाला स्वतःला बांधून घेता? तुमच्या एका खेपेच्या फिल्मने समुद्र उतरणार आहे का?"

प्रश्न चुकीचा नव्हता. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तोच होता, फक्त मी तो विचारला नसता. पाहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं की त्यांचे मंत्री दरवर्षी मोठ्या देशांच्या बैठकांना जातात आणि म्हणतात, धूर कमी करा, आम्ही बुडतोय. तिथे प्रत्येक वेळी कुणीतरी सभ्यपणे विचारतं, तुम्ही स्वतः काय करता? "आमचे दिवे अजून डिझेलवर जळतात, मालिक. ते मला बदलता येत नाहीत, माझ्या हातात फक्त जेटी आहे. तिथे मीच सूट दिली, तर मंत्र्यांनी तिकडे तोंड कशाला उघडायचं?"

शेठ दाराकडे वळले. बाहेर जाता जाता त्यांनी मला एवढंच सांगितलं, की जहाज चुकलं तर मंत्री आणि जेटी त्यांना माहीत नाही, डिस्पॅच बेनचा आहे.

त्या दुपारी शेडचा पत्रा तापून टकटक वाजत होता. बायकांनी पेंढा काढायला सुरुवात केली. आपणच वळलेली कडी त्या ओढून काढत होत्या. मी टाक्या आतून-बाहेरून धुवायला लावल्या. दाणा अडकलेला दिसला तर पुन्हा. ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन येत होता, ट्रेलर वेळेवर लागेल ना. मी हो म्हणत होते.

मध्ये काय घालायचं? शेठनी फोन करून शेजारच्या युनिटमधून चिंधीची पोती मागवली. मशीन पुसायला वापरतात ती कापडाची कातरण. पोती आली, मऊ होती, स्वच्छ होती, माझा जीव जरा भांड्यात पडला. पाहुण्यांनी एक चिंधी उचलली आणि सुपरवायझरकडे काडेपेटी मागितली. त्याने मालकासमोर खिशातून काडेपेटी काढायला आढेवेढे घेतले, मग दिली. चिंधी पेटली आणि वितळून काळा टणक मणी झाली. पॉलिएस्टर. म्हणजे धाग्याचं प्लॅस्टिकच.

दुसऱ्या पोत्यातलं पेटवलं, पुन्हा मणी. तिसऱ्यातलंही तसंच. या गावात सूत बनवणारे इतके कारखाने, आणि खऱ्या कापसाची चिंधी मिळेना. मी आमच्या शिक्षकांच्या वसाहतीतल्या बायकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, जुन्या सुती चादरी, साड्या असतील तर हव्यात, निकड आहे. उत्तरं आली. सुती वाटणाऱ्या बऱ्याच होत्या. संध्याकाळी घरी जाऊन मी पहिली माझीच चादर पेटवून पाहिली, सुती म्हणून घेतलेली. कडेला बारीक मणी झाला. नवरा म्हणाला, आता अंगावरची पेटवू नकोस. ग्रुपवर जमलेलं सगळं धरलं तरी दोन थप्प्यांपुरतं होत नव्हतं.

सकाळी मी पोहोचले तेव्हा पाहुणे गेटच्या बाहेर उभे राहून फोनवर बोलत होते. त्यांच्या भाषेतला शब्द कळत नव्हता, सूर पुरता कळत होता. पलीकडून कुणीतरी त्यांना झापत होतं. फोन ठेवून ते म्हणाले, बायको. त्यांनी आपल्या बेटाचं नाव सांगितलं; ती तिथल्या शाळेत शिकवते. या खेपेतल्या काही टाक्या त्याच शाळेसाठी होत्या. ती विचारत होती, तांदळाच्या पोत्यात किडे निघतात तेव्हा तू कुठे असतोस?

मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की त्यांच्या स्वतःच्या घरचं पाणी या गाडीत आहे. मी तसं म्हटलं. म्हटलं, साहेब, तुम्ही एक सही केलीत तर तुमच्या मुलीला पाणी मिळेल, बाकी कुणाला कळणारही नाही. ते म्हणाले, मला कळेल ते सोडा, दीदी, बेट छोटं असलं की सगळ्यांना सगळं कळतं.

मी त्यांना चहाला घेऊन गेले. गेटसमोर नव्या गाळ्यांचं बांधकाम चालू आहे आणि चहाची टपरी त्याच्या सावलीत आहे. चहा येईपर्यंत ते उभे होते, परांचीच्या बांबूला टेकून. मग वळून बघायला लागले. दोन बांबू जिथे बांधतात ती गाठ त्यांनी बोटाने चाचपली आणि त्यांच्या भाषेतला एक शब्द म्हणाले. मी पाहिलं. काथ्याची दोरी होती. आमच्याकडे सुंभ म्हणतात.

आम्ही दोघं एकाच वेळी बोलायला लागलो. ते सांगत होते, त्यांची आजी नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, महिनोन्महिने खाडीच्या चिखलात पुरून ठेवायची, मग कुटून मांडीवर वळायची. मी सांगत होते, आमच्याकडेही अगदी असंच. त्यांच्याकडे आता कुणी वळत नाही, नायलॉनची येते. कुठून येते, असं मी विचारलं नाही, कारण ते माझ्याकडे बघून हसत होते.

"हे चालेल?" मी विचारलं.

"नवी, कोरडी, माती नसलेली असेल तर चालेल. हिला आमचं बेट ओळखतं."

परांचीचा ठेकेदार पलीकडेच विटा मोजत होता. त्याने आधी आम्हाला वेड्यात काढलं. लोक बांबू मागतात, फळ्या मागतात, दोरी कोण मागतं? बांधलेली सोडणार नाही म्हणाला, वर माणसं चढलीत. पण त्याच्याकडे नव्या गुंड्या होत्या, आणि आणखी हव्या तर तो कुठून आणतो तेही त्याने सांगितलं. मी धावत आत गेले. धावले हे मुद्दाम लिहिते, कारण कारखान्यात मी कुणाला धावू देत नाही.

शेठनी ऐकलं, फोन उचलला आणि गुजरातीत सुरू झाले. वापीचे दुकानदार, कुणाचा भाचा, कुणाचा व्याही. नायलॉन नको, नायलॉन नको, असं ते इतक्या वेळा म्हणाले की शेवटी पलीकडच्यावर ओरडले. त्यांनी आपली गाडी ड्रायव्हर देऊन पाठवली. किलवणी नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानांकडे सुपरवायझर मोटरसायकलवर गेला.

गुंड्या यायला लागल्या. प्रत्येक गुंडीचं टोक पाहुण्यांनी पेटवलं. पहिलं जळलं तेव्हा सगळे वाकून बघत होते. मणी झाला नाही. दोरी धुमसली, काळी पडली, राख झाली, आणि राखेतसुद्धा वळणं तशीच दिसत होती. सुपरवायझर शिरपूरकडचा. तो माझ्या कानाशी म्हणाला, "मॅडम, सुंभ जळना तरी पीळ जात नही म्हणतस ना, हाऊ साहेब तसाच शे."

मावशी आणि तिच्या बायका पुन्हा ओळीने बसल्या. पेंढा मऊ असतो, सुंभ हात कापतो. मी हातमोजे दिले, ते त्यांनी थोड्या वेळाने काढून ठेवले, गाठ बसत नाही म्हणून. एका टाकीला एक कडं, घट्ट, दोन गाठींचं. कडं बसलं की टाकी खाली सोडायची, मग दुसरी. ट्रेलर येऊन लागला. ड्रायव्हर उतरून दाराशी तंबाखू मळत उभा राहिला आणि थोड्या थोड्या वेळाने, कुणालाही उद्देशून नाही असं दाखवत, रस्त्याला किती गर्दी असते ते सांगत राहिला.

दुपार उतरायला लागली तेव्हा दोरी संपली. शेठची गाडी रिकामी परत आली होती; पुढच्या दुकानात फक्त नायलॉन. थप्प्या जवळजवळ सगळ्या झाल्या होत्या. कोपऱ्यात काही टाक्या उरल्या, कडं नसलेल्या. एकेकट्या त्या कंटेनरमध्ये मावणार नव्हत्या आणि कड्याशिवाय एकात एक घालायच्या नव्हत्या.

सुपरवायझरने सुचवलं, परांचीची जुनी सोडून आणू या. ती सिमेंटने भरलेली होती. पाहुण्यांनी नुसतं बघूनच नको म्हटलं. शेठ म्हणाले, एवढ्यांना फिल्म लावा, कोण बघतो. पाहुणे उरलेल्या टाक्यांकडे गेले. ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन वाजत होता, मी तो उचलला नाही.

प्रत्येक टाकीवर ती ज्या बेटावर जायची त्याचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं. उरलेल्या टाक्या सरमिसळ होत्या, वेगवेगळ्या बेटांच्या. पाहुणे ती नावं वाचत गेले. मग त्यांनी भरलेल्या थप्प्यांतली एक थप्पी बाहेर काढायला सांगितली, तिची कडी सोडवायला सांगितली, आणि ती कडी उरलेल्या टाक्यांना बसवायला सांगितली. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी थप्पीवरचं नाव वाचलं. त्यांच्याच बेटाचं.

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, असं करू नका, प्रत्येक बेटाची एकेक टाकी कमी करू, वाटून घेतलं की कुणालाच जड जाणार नाही. याद्या करणाऱ्या बाईला जे सुचतं तेच सुचलं.

ते म्हणाले, बाकीच्या काही बेटांवर विहीरच उरली नाही. माझ्याकडे खारट का होईना, आहे, धुणं-आंघोळ होते. आणि दुसरं असं, दीदी, पेंढा मी अडवला. त्यानंतर माझ्याच बेटाच्या टाक्या पूर्ण उतरल्या, तर पुढच्या वेळी जेटीवर माझं कोण ऐकेल?

"आणि तुमच्या बायकोला काय सांगणार?"

"ते मला विमानात ठरवायचंय."

कडी सोडवली, दुसऱ्या टाक्यांना बसवली. मावशीने प्रत्येक गाठ स्वतः ओढून पाहिली. ती थप्पी सोडून सगळं आत गेलं, शेवटी झाकणांच्या चळती गेल्या, दार लागलं. पाहुण्यांनी सील लावलं, सही केली. ड्रायव्हरने तंबाखू थुंकून गाडी सुरू केली. गेटपाशी शेठ उभे होते. ट्रेलर वळून खडोलीच्या दिशेने दिसेनासा झाला तेव्हा ते मला म्हणाले, बेन, ह्या माणसाला आपल्याकडे नोकरीला ठेवला तर धंदा बंद पडेल. आणि थोड्या वेळाने, पण माल परत येणार नाय.

राहिलेल्या टाक्या पुढच्या जहाजाने पाठवायच्या ठरल्या. त्या पाऊस निम्मा सरल्यावर पोहोचणार होत्या. पेंढा बायकांनी गुरांसाठी भारे बांधून नेला. भारे टपावर चढवण्यावरून बसच्या कंडक्टरशी भांडण झालं, ते मावशीने जिंकलं. बाकीच्या मालाला आम्ही आजही फिल्मच लावतो. मी शेठकडे सुंभाचा विषय काढला होता. ते म्हणाले, गिऱ्हाईक मागेल तेव्हा. तोवर मी दर महिन्याच्या खरेदीत दोन-चार गुंड्या घालते, म्हणजे पुन्हा कमी पडायला नकोत.

खेप तिकडच्या बंदराला लागल्याचं कळलं. मी मनातल्या मनात यादीवर रेघ मारली. मग एके दिवशी, आमच्याकडे आभाळ भरून आलं होतं आणि मी ऑफिसात एकटी डबा खात होते, तेव्हा पाहुण्यांचा मेसेज आला. फोटो होता. शाळेचं अंगण, पांढरी वाळू, धो धो पाऊस. पन्हळीखाली टाकी नव्हती. अंगणभर आमची काळी झाकणं उलटी मांडलेली होती, परातीसारखी, आणि प्रत्येकात पाणी भरत होतं. एक बाई ओढणी खोचून एका झाकणातलं पाणी बादलीत ओतत होती. तिचा चेहरा दिसत नव्हता.

खाली लिहिलं होतं, "दीदी, झाकणं आधी पोहोचली."

मला लगेच कळलं. टाक्या मी कमी केल्या, पण यादीत झाकणं वेगळ्या ओळीवर होती आणि ती ओळ तशीच राहिली होती. अशी चूक माझ्याकडून होत नाही. मी घाईघाईने लिहिलं, माफ करा, चुकून गेली. मग विचारलं, त्यात किती पाणी मावतं?

 जेवण झालं, डबा धुतला. मग उत्तर आलं. मुलांना दिवसभर पुरतं. उद्याचं उद्या. बायको विचारते, टाक्या निघाल्या का?

मी उठून शेडमध्ये गेले. त्या टाक्या कोपऱ्यात थप्पी करून उभ्या होत्या, कड्यांसकट. मी वरची टाकी दोन्ही हातांनी धरून ओढून पाहिली. ती सहज निघाली.